आईची अंबाडी आणि माझं चारित्र्य

ब्रिटिश नागरिकत्व हवं असेल तर आपण सज्जन आहोत हे आपण स्वतः सांगून चालत नाही. ते दोन परक्या माणसांनी फॉर्मवर सही करून सांगावं लागतं. पहिली सही आमच्या दातांच्या डॉक्टरने केली (माझे दात बघूनसुद्धा!). दुसरीसाठी मी शेजारच्या कॉलिनला गाठलं. कॉलिन म्हणजे पोलिसात तीस वर्षं काढून रिटायर झालेला माणूस. "शनिवारी चारला येतो, चहा ठेव," म्हणाला.

तेव्हा आई लातूरहून आमच्याकडे मिल्टन कीन्सला आली होती. "तुमच्या इथं पालक सोडून भाजी हाय का कुठली?" असं म्हणत तिने मागच्या काचेच्या खोलीत अंबाडी पेरली. ती बघता बघता माझ्या खांद्याला लागली. ऑक्टोबरात थंडी पडल्यावर आईने सगळी कापली, जुड्या बांधल्या आणि रिकाम्या बेडरूममध्ये दोरीवर उलट्या टांगल्या. वाळवून डब्यात भरायची आणि हिवाळाभर भाकरीबरोबर खायची, असा बेत होता.

"इथलं ऊन काय कामाचं!" म्हणून तिने हीटिंग अठ्ठावीसवर नेलं. उजेडाने रंग जातो म्हणून खिडकीला कचऱ्याच्या काळ्या पिशव्या चिकटवल्या. बुरशी धरू नये म्हणून दिवसभर पंखा! मी खाली हाफ पँट आणि वर इस्त्रीचा शर्ट घालून घरूनच ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगा करत होतो, आणि मला या सगळ्यात काही म्हणता काही वावगं वाटलं नाही.

शनिवारी पावणेचारला आमची तारा जिन्यावरून ओरडत आली.

"बाबा, वरच्या रिकाम्या रूममध्ये वीड आहे का?"

"काय आहे?"

"वीड! गांजा! बघ ना, सेम टू सेम पान आहे!"

तिने फोनवरचा फोटो दाखवला. तसंच पंजासारखं पान, कडेला तसेच करवतीचे दात. गरम खोली, झाकलेली खिडकी, पंखा, उलट्या टांगलेल्या जुड्या... आणि पंधरा मिनिटांत पोलीस चहाला!

"अरे, अंबाडी आहे ती," बायको रेणू म्हणाली. "कॉलिनला सरळ सांग की."

(सरळ सांगायला मी सरळ असायला हवा ना!) मी धावत वर गेलो, पंचवीस-तीस जुड्या ओरबाडून काढल्या, आमच्या पलंगावर टाकल्या आणि वर दुलई पांघरली. पलंगावर कोणीतरी बाळंत व्हायला टेकलंय असं दिसत होतं. तेवढ्यात बेल वाजली.

कॉलिन बसला. चहा घेतला. घाम पुसला. "घर छान उबदार आहे," म्हणाला. मी खूप जोरात हसलो. त्याने पेन काढलं, फॉर्मवर टेकवलं, आणि जिन्यातून आईचा आवाज आला.

"कोण मेल्यानं चुरगाळली माझी अंबाडी?"

आई दोन्ही हातांत भारे कवटाळून दिवाणखान्यात उभी! अंगाखांद्यावर पानं, मागे जिनाभर पानं. कॉलिनचं पेन थांबलं.

आणि मी, तिचा एकुलता एक मुलगा, ताडकन उठून ओरडलो, "माझं नाहीये! आईचं आहे!"

कॉलिनने एक पान उचललं, उलटसुलट केलं, हुंगलं आणि चक्क चावलं. त्याचा एक डोळा मिटला.

"आंबट लागलं होय, भाऊ?" आई म्हणाली. "लसणाची फोडणी दिल्यावर बघा!"

रेणूने सगळं समजावलं. कॉलिनने मान हलवली. "पान ठीक आहे. तसली पानं मी पोतीच्या पोती पाहिलीत, हे ते नाही. पण या माणसाला आपल्या आईचं नाव सांगायला दोन सेकंदही लागले नाहीत." आणि त्याने पेनाला टोपण लावलं.

नागरिकत्वाचं सोडा, आईकडे बघायचीही हिंमत होईना. मला खरंच स्वतःची लाज वाटत होती.

"काय म्हणतोय तो?" आईने विचारलं. रेणूने सांगितलं. आईने भारे खाली ठेवले, पदर सारखा केला आणि कॉलिनसमोर जाऊन बसली.

"भाऊ, माझा पोरगा भित्रा हाय, वाईट नाही. वाईट व्हायला अंगात धमक लागती. शाळेत कॉपी करायला गेला, तर चिठ्ठी मास्तरच्याच हातात देऊन आला! ह्याच्या हातून कुंडीतला पुदिना जगंना, हा काय गांजा पिकवतोय, कप्पाळ!"

रेणूने याचं शब्दन् शब्द भाषांतर केलं (इतकं मन लावून तिने आजवर माझं कुठलंच काम केलेलं नाही!). कॉलिन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, त्याने टोपण काढलं आणि सही ठोकली.

आता माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे. लोकांना तो चांगल्या चारित्र्यावर मिळतो. मला मिळाला तो वाईट वागायचीही माझी लायकी नाही, हे माझ्या आईने पोलिसाला पटवून दिलं म्हणून!