उरलेला जोड

सेहेचाळीस वर्षांचा झाला, कानशिलांवरचे केस पिकले, तरी घरात तो धाकटाच राहिला. थोरला डोक्यावर असेपर्यंत धाकट्याची त्यातून सुटका नसते. दुकानात मात्र सगळे त्याला काका म्हणायचे. बुटांच्या त्या काचेच्या मोठ्या दुकानात बाकीची पोरं येत, चार महिने रमत आणि मोबाइलच्या दुकानात पळून जात. हा एकटा ठेंगण्या स्टुलावर बसून लोकांचे पाय हातात घेत राहिला. टाच पट्टीला टेकवायची, अंगठा बघायचा, नाडी बांधायची आणि मान वर करून विचारायचं, "कुठे टोचतंय का?" असा दिवसातून शंभरदा वाकणारा माणूस. त्याच्या पाठीवर कंपनीने काय छापावं? "मी वाकणार नाही."

झालं होतं ते असं. एक धावणारी मुलगी मोठी शर्यत जिंकली. मंत्री पदक घेऊन पुढे आले, आणि हिने मान खाली केलीच नाही. मंत्र्यांचे हात हवेत तसेच. शेवटी तिने ते पदक हातात घेतलं आणि खाली उतरून चालू लागली. काही वर्षांपूर्वी तिची वस्ती उठवण्याचा हुकूम याच मंत्र्यांनी दिला होता, आणि त्या दिवशी झालेल्या गोळीबारात तिचा मामा गेला होता. झालं, अर्ध्या देशाने तिला डोक्यावर घेतलं, अर्ध्याने पायदळी तुडवलं. बुटांच्या कंपनीने विचार केला असणार की डोक्यावर घेणाऱ्यांनाही पाय असतातच. महिन्याभरात मुलीशी करार झाला, चौकाचौकात तिचा ताठ मानेचा फोटो लागला आणि खाली ते तीन शब्द.

कंपनीने भूमिका घेतली ती वरच्या मजल्यावरच्या गार खोलीत. ती वागवायची पाळी आली ती स्टुलावरच्या माणसावर.

"काका, हा तुमचा," मॅनेजरबाईंनी शर्ट पुढे केला. वयाने त्याच्या मुलीएवढ्या, पण मनाने वाईट नव्हत्या.

"छातीवर छापलं असतं तर चाललं नसतं का?"

"पुढे तिचा चेहरा आहे ना. शब्द पाठीवर."

"म्हणजे मी वाकलो की गिऱ्हाइकाला नीट वाचता येतील."

"तेच तर!" बाई खूश होऊन म्हणाल्या. त्यातली मेख त्यांना कळली नाही, आणि धाकट्याने समजावून सांगायची तसदी घेतली नाही.

तो हसला खरा, पण हा शर्ट घरी कसा न्यायचा हे त्याला कळेना. कारण ज्या दिवशी ती वस्ती उठवली, त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या पोलिसांत त्याचा थोरला भाऊ होता.

थोरला गोळी झाडणाऱ्यांत नव्हता. दोर धरून लोकांना मागे रेटायचं काम त्याच्याकडे होतं. दगड आले, पळापळ झाली, आणि त्यांच्याच खात्याची गाडी मागे येताना त्याच्या उजव्या पायावरून गेली. बोटं गेली, चवड्याचा पुढचा भाग गेला. खात्याने पेन्शन दिलं, एक शाल दिली आणि विसरून गेलं. तेव्हापासून थोरल्याचा डावा पाय नऊ नंबरचा आणि उजवा सहाचा. त्यात रक्तात साखर. डॉक्टरांनी बजावलं होतं, या पायाला बूट हवाच, टणक तळाचा आणि मापाचा. जखम झाली तर ती वर चढेल, मग घोट्यापासून विचार करावा लागेल.

तेव्हा धाकट्याने एक रीत पाडली. वर्षातून एकदा एकाच बुटाचे दोन जोड घ्यायचे, एक नवाचा, एक सहाचा. डावा नऊ आणि उजवा सहा घरी न्यायचा. उरलेला डावा सहा आणि उजवा नऊ एका खोक्यात घालून दुकानाच्या माळ्यावर ठेवायचा. टाकवत नसे. पोरं थट्टा करायची, "काका, हे कोणाला विकणार?" तो म्हणायचा, "देवाने एक घडवला की त्याच्या उलटा दुसरा घडवलेला असतो. येईल कधीतरी."

यंदाचे बूट त्याने घरी नेले आणि त्याच आठवड्यात चौकात तो फोटो लागला, मुलीच्या पायात नेमके तेच बूट.

थोरल्याने नवा खोका उघडलासुद्धा नाही. पायातले जुने बूट काढले, पिशवीत घातले आणि रिक्षा करून चौकात गेला. तिथे लोक कंपनीचे बूट पेटवत होते. त्याने आपले टाकले. घोषणा दिल्या नाहीत, कोणाशी बोलला नाही, नुसता उभा राहून बघत राहिला. मग रबरी सपाता घालून लंगडत घरी आला आणि नवा खोका दाराबाहेर भिरकावला.

"दादा, बुटांनी काय केलंय?" धाकटा म्हणाला.

"बुटांनी काही नाही केलं. तिने मान वाकवली नाही, तिला करार मिळाला. माझा पाय गेला, त्याची जाहिरात कोणी केली? सांग ना. माझा फोटो लावा की चौकात!"

"तिचा मामा गेला, दादा."

"मी मारला?" थोरला ओरडला. मग आवाज खाली आला, आणि ते जास्त वाईट होतं. "नोकरी सोड म्हणत नाही मी. पोरीचं शिक्षण आहे तुझ्यामागे. पण तो शर्ट घालून या दारात यायचं नाही. आणि तुझ्या हातचा बूट मला नको."

एकाच घराच्या दोन खोल्या, मधे एकच दार. त्या दाराला दोघांनी कधी कडी घातली नव्हती, आता ती पडली. वहिनीने खोका उचलून गुपचूप धाकट्याच्या हातात दिला. "भाऊजी, दुकानात ठेवा. राग निवळला की मी सांगते. तोवर हात लावू देऊ नका कोणाला."

खोका माळ्यावर गेला, यंदाच्या उरलेल्या जोडाच्या शेजारी. धाकटा रोज गल्लीच्या तोंडाशी शर्ट काढून उलटा घालायचा, शिवणी बाहेर, अक्षरं आत. थोरल्याने खिडकीतून एकदा पाहिलं आणि म्हणाला, "उलटा घातला म्हणून पाठ कोरी होते का रे?" पंधरवड्यात सपातेच्या पट्ट्याने त्या नाजूक कातडीला घासलं आणि जखम झाली. वहिनी दाराच्या फटीतून सांगायची, "ओली आहे अजून. बूट घाला म्हटलं की ताट सरकवतात." धाकट्याला तेव्हापासून झोप लागेना. दुसऱ्या कंपनीचे बूटही त्याने आणून पाहिले. तेही परत आले. थोरल्याचं वैर बुटाशी नव्हतंच, आणणाऱ्या हाताशी होतं.

दुकानात मात्र जत्रा. जेवढे बूट चौकात जळाले, त्याच्या कितीतरी पट विकले गेले. लोक त्या मुलीसाठी यायचे, फोटोशेजारी उभे राहून फोटो काढायचे, नवे बूट घालूनच बाहेर पडायचे.

अशाच एका दुपारी एक गवंडी आला. हातांच्या भेगांत सिमेंट, अंगात धुतलेला, पण डाग न गेलेला सदरा. "त्या पोरीचे बूट द्या," म्हणाला. "आमच्या वस्तीतली आहे ती. एवढीशी होती, माझ्या वाळूच्या ढिगावर उड्या मारायची." धाकट्याने त्याला बसवलं, खाली वाकला, डाव्या बुटाची नाडी सोडली. बुटातून चिंध्यांचा बोळा निघाला. त्यामागे पाय निघाला, बोटं नसलेला. डावा.

धाकट्याने उजव्या पायाचं माप घेतलं. नऊ. डाव्याचं घेतलं, पट्टी पुन्हा लावून पाहिली. सहा.

तो माळ्यावर चढला. खाली आला तेव्हा चेहऱ्यावर असं हसू होतं की मॅनेजरबाईसुद्धा बघत राहिल्या. त्याने दोन्ही बूट चढवले, नाड्या बांधल्या. गवंडी उठला, चार पावलं गेला, परत आला, आरशात पायांकडे बघत राहिला. कित्येक वर्षांत त्याच्या दोन्ही पायांना एकाच वेळी बूट बसले नव्हते.

"हे कुठून काढलंत हो?"

इथे धाकट्याने गप्प बसायला हवं होतं. पण इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो माणूस समोर उभा होता, आणि आनंदाला तोंड आवरत नाही.

"माझ्या थोरल्या भावाचा उजवा पाय असाच आहे. त्याच्यासाठी जोड फोडतो, त्यातला हा उरलेला. तुम्ही दोघं एका जोडाचे!"

"त्यांना काय झालं होतं?"

"पोलिसात होता. नदीकाठची वस्ती उठवली ना, त्या दिवशी—"

बोलता बोलताच त्याला कळलं. गवंड्याचं हसू लगेच गेलं नाही. ते जागच्या जागी राहिलं, नुसतं त्यातलं सगळं निघून गेलं.

"मला गोळी तिथेच लागली," गवंडी म्हणाला.

तो खाली बसला. धाकटा नाडी सोडायला वाकला, तर त्याने हाताने थांबवलं. "असू द्या. मी काढतो." त्याने दोन्ही बूट स्वतः काढले, नीट शेजारी शेजारी ठेवले आणि आपले जुने ओढून घेतले.

"पैसे नकोत मला. असेच न्या," धाकटा म्हणाला.

"बूट छान आहेत हो. पण रोज सकाळी घालताना मला त्याचा पाय आठवेल. नको." बोळा बुटात भरता भरता तो थांबला. "भाऊ काय घालतात मग?"

"सपाता. जखम झाली आहे."

गवंड्याने बोळा बुटात ठासला. मग रुक्षपणे म्हणाला, "कापूस लावत असतील तर बंद करा. कापूस ओल धरतो. जुनं धुतलेलं सुती कापड घ्या, चार घड्या, आणि दुपारी एकदा बदला. मी दोन वर्षं कापसात घालवली, म्हणून सांगतो." आणि मागे न बघता निघून गेला. पाठमोरा तोही लंगडत होता, दुसऱ्या बाजूने.

त्या रात्री धाकट्याने मधल्या दाराची कडी वाजवली. शर्ट काढून, उघड्या अंगाने आत गेला. थोरल्याने नको म्हटलं नाही. धाकटा खाली बसला, पाय मांडीवर घेतला, कापूस काढून टाकला, वहिनीच्या जुन्या पातळाची घडी बसवली.

"हे कोणी सांगितलं?" थोरल्याने छताकडे बघत विचारलं.

"एका गिऱ्हाइकाने."

"शहाणा दिसतो."

धाकटा 'हो' म्हणाला. पुढे बोलायचं धाडस झालं नाही. एकदा बोलून काय झालं होतं ते त्याने दुपारीच पाहिलं होतं.

रोज रात्री तो जायचा, घडी बदलायचा. जखम सुकायला लागली. थोरला मात्र बुटांचं नाव काढत नव्हता, आणि एके रात्री चिडून म्हणाला, "तुला वाटत असेल मी विरघळेन, तर वाट बघत बस." ते शब्द धाकट्याला फार लागले. दिवसभर लोकांचे पाय धरायचे, रात्री याचा धरायचा, आणि वर हे ऐकायचं. तो गवंडीही मनातून जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एक तरुण नवरा-बायको आले, दोघांना तोच बूट हवा, त्याच मुलीचा. "सहा आणि नऊ," मॅनेजरबाई ओरडल्या. "काका, संपले का? नवा माल दोन महिने येणार नाही!"

धाकटा माळ्यावर चढला. दोन खोके शेजारी शेजारी होते. एकाला थोरल्याने लाथाडलं, दुसरा गवंड्याने परत केला. त्याच्या मनात आयुष्यात पहिल्यांदा एक खुनशी विचार आला, नसेल हवं तर राहू दे दोघांना अनवाणी. त्याने डाव्या सहाशेजारी उजवा सहा ठेवला, डाव्या नवाशेजारी उजवा नऊ. दोन सरळ, पुरे जोड झाले. खाली आला, वाकला, चार धडधाकट पायांत ते चढवले. "कुठे टोचतंय का?" विचारलं. कुठेच टोचत नव्हतं. दोघांनी ताठ मानेच्या फोटोखाली फोटो काढला आणि गेले.

त्या रात्री तो गेला तेव्हा मधलं दार उघडंच होतं. वहिनी दारात उभी, डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. थोरला खुर्चीत सरळ बसला होता, पाय आधीच धुऊन पुसून ठेवलेला. जखमेवर नवी गुलाबी कातडी धरली होती.

"दिवसभर विचार केला," थोरला म्हणाला. शब्द जड जात होते. "त्या पोरीचा मामा मी मारला नाही, हे खरं. पण दोर मी धरला होता, हेही खरं. आपण दोघं भांडून काय उपयोग." त्याने पहिल्यांदा धाकट्याकडे बघितलं. "माझे बूट आण उद्या. कंपनीचा तो शिक्का ब्लेडने काढून टाक म्हणजे झालं. ठेवलेयस ना तू? ही सांगत होती, जपून ठेवलेयस म्हणून."

धाकटा खाली बसला. थोरल्याचा पाय मांडीवर घेतला. चार बोटांनी झाकली जाईल एवढी ती नवी कातडी होती.

"हो, दादा," तो म्हणाला. "आणतो."

आणि मान वर न करता तो कापडाची घडी घालत राहिला.