काजू माझ्या गालात होते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आज सांगते आहे, तर छाती धडधडते आहे — या वयात!

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. आम्ही कानडी मुलखात, बसवनगुडीत राहत होतो. माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, मधुमेह निघाला. डॉक्टरांकडे त्याच्याबरोबर मी गेले, कारण घरात इंग्रजी मलाच येई. भात बंद, गोड बंद. भूक लागली तर मूठभर शेंगदाणे, बदाम, अक्रोड खा. काजू मात्र दोन-चारच, त्यात साखर वाढवणारं पिष्ट जास्त, असं डॉक्टरांनी बजावलं.

घरी येऊन मी काय सांगितलं? — काजू हवे तेवढे चालतात!

का? अहो, काजू माझा जीव की प्राण! एरवी आमच्या घरात ते फक्त सणाच्या पायसात दिसायचे. आता मीच चिक्कपेटेच्या बाजारात जाऊन पुड्या आणायची. तुपात परतायचे, वर मिरपूड — वास सुटला की मी नाचायचीच! अण्णा बशीभर खायचा, मी त्याहून जास्त. इतकं सुखाचं पथ्य कुणी पाहिलंय?

रोज सकाळी लघवीची तपासणी असे. काचेच्या नळीत निळं औषध घालून तापवायचं. निळं राहिलं तर उत्तम, विटकरी झालं तर साखर वाढली. एके दिवशी ते विटकरी झालं. दुसऱ्या दिवशीही तेच.

अण्णाने वहिनीकडे पाहिलं. त्याला भात नाही म्हणून ती पहिल्या दिवशी रडली होती ना — तीच चोरून भात कालवत असणार, सांबारात गूळ घालत असणार!

"देवाशपथ, स्वल्पसुद्धा दिला नाही हो," वहिनी म्हणाली. देवघरासमोर उभी राहून म्हणाली.

मी दारात होते. माझ्या गालात काजू होते. तोंड उघडलं असतं तर — पण मी ते नुसते चावले.

मग घाबरून मी गुपचूप काजू बंद केले. दुकानात चांगले नाहीत म्हणाले आणि शेंगदाणे भाजू लागले. थोड्याच दिवसांत नळी पुन्हा निळी राहू लागली. मला किती आनंद झाला! सुटले, वाटलं.

अण्णा नळी उजेडात धरून म्हणाला, "सरी, ठीक आहे. पकडली गेली, म्हणून थांबली."

मी केलेली दुरुस्तीच तिच्याविरुद्धचा पुरावा झाली — कळतंय का तुम्हाला? त्यानंतर अण्णाने वहिनीच्या हातचं वाढून घेतलं नाही. अखेरपर्यंत ताट स्वतःच वाढून घ्यायचा. ती बाजूला उभी राहायची, रिकाम्या हातांनी.

कडलेकाई परिशेला, म्हणजे आमच्या शेंगांच्या जत्रेला, ती दर वर्षी मला घेऊन जायची. उकडलेल्या शेंगा सोलून माझ्या तळहातावर ठेवायची. म्हणायची, "वन्सं, या घरात तुम्ही एकट्याच माझ्यावर विश्वास ठेवता."

मी दाणे खात राहिले.

आता दोघंही नाहीत. काजू मला अजून आवडतात.