उभयान्वयी अव्यय तपासा

शाळेतून निवृत्त होऊन मला दीड वर्ष झालं होतं. एकतीस वर्षं अमरावतीत एकाच शाळेत इंग्रजी शिकवलं. घरी बसल्यावर पहिले काही महिने बरे गेले, मग दुपार लांबायला लागली. त्या जानेवारीत एका सकाळी माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो आता नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाच्या एका कारखान्यात अधिकारी आहे.

"मॅडम, कंजंक्शन मंजे काय?"

"आठवीत शिकवलं होतं तुला. उभयान्वयी अव्यय. आणि, किंवा, पण, परंतु."

"तेच तं. मले वाटलं माझंच चुकून राह्यलं. इथं लिवलंय, मशीन चालू करण्याआधी कंजंक्शन तपासा. अन् पुढं लिवलंय, सिलॅबस तुटल्यास गाठ मारून जोडा."

मी हसले. तो हसला नाही. त्यांच्याकडे चेक देशातून बारा नवे माग आले होते. सोबतचं माहितीपुस्तक चेक भाषेत होतं, आणि त्याचं इंग्रजी कोणीतरी नुसती डिक्शनरी समोर ठेवून केलेलं होतं. माग बसवायला तिकडून एक फिटर आला होता, पण त्याचं इंग्रजी चाळीस-पन्नास शब्दांचं. आठ दिवसांत एकच माग उभा राहिला होता.

"तुमी एक चक्कर मारा मॅडम. तुमाले भाषेचं समजते."

मला चेक भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं. तरी हो म्हणाले. नवरा पेपर वाचत होता. तो म्हणाला, "चेक भाषा? वटते का पण?"

दुसऱ्या दिवशी मी गेले. फिटर साठीच्या आसपासचा, उंच, खांद्यात थोडा वाकलेला माणूस. आम्ही सगळे स्वेटर घालून आणि हा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. त्याच्याशेजारी कारखान्याचा जॉबर उभा होता. जॉबर म्हणजे माग लावणारा, बिघडला तर दुरुस्त करणारा मुख्य कारागीर. हे अचलपूरचे, विणकराच्या घरातले, रोज एसटीनं ये-जा करणारे. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही तेच म्हणू लागले. दोघंही एकाच वयाचे वाटत होते आणि दोघंही एकमेकांवर वैतागलेले होते.

चाचा मला म्हणाले, "मॅडम, हा मानूस काम जानते. हात पाह्यला मी त्याचा. पन सांगते काय, ते मले समजत नाही, अन् मी सांगतो ते त्याले."

मी पुस्तक उघडलं आणि फिटरला कंजंक्शनवर बोट ठेवून दाखवलं. त्यानं चेक पान काढलं. तिथं शब्द होता 'स्पोयका'. तो मला मागाच्या बाजूला घेऊन गेला आणि मोटर आणि दांडा जिथं एकमेकांना जोडलेले होते तो लोखंडी तुकडा दाखवला.

"अरे, कपलिंग," चाचा म्हणाले. "मंग तसं लिवा ना."

फिटरनं खिशातून एक जुनी, कोपरे गोल झालेली डिक्शनरी काढली. मी ती चाळली तेव्हा उलगडलं. त्यांच्या भाषेत यंत्राचे दोन भाग जोडणारी ती स्पोयका, आणि दोन वाक्यं जोडणारा शब्द तोही स्पोयकाच. तुटणारा सिलॅबसही तसाच निघाला. 'ओस्नोवा' म्हणजे ताणा, मागावरचे उभे धागे, आणि शाळेचा अभ्यासक्रम हाही त्याच शब्दातून आलेला. एकतीस वर्षं मी दर जूनमध्ये जो पुरा होईल की नाही म्हणून धास्तावत होते, तो इथं लोखंडाच्या रुळावर गुंडाळून ठेवला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी एक दोनशे पानी वही घेतली आणि तीन रकाने आखले. इंग्रजी, चेक, आपलं. जॉइन, कनेक्ट, टाय, फासन, असेंबल. इंग्रजीत हे शब्द इतके शेजारी शेजारी आहेत की शाळेत मी मुलांकडून ते एकाच दमात पाठ करून घ्यायचे. इथं तसं चालत नव्हतं. धाग्याची गाठ म्हणजे 'उझेल', ती नटबोल्टला चालत नाही. जिथं जिथं शंका यायची तिथं फिटर हातानं करून दाखवायचा आणि चाचा त्याला शब्द द्यायचे. चांदूर रेल्वेहून येणारी एक बाई तिथं कामाला होती, तुटलेले धागे जोडण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. एकदा फिटर तिची गाठ बघायला वाकला आणि तिला पुन्हा मारायला लावली. तिनं पुन्हा मारली. तिसऱ्यांदा सांगितल्यावर ती मला म्हणाली, "यानं काय परीक्षा लावली का माझी?" तो खरं तर शिकत होता. चौथी गाठ त्यानं स्वतः तिच्यासारखी मारून दाखवली.

टुगेदर या शब्दावर आमची एक अख्खी सकाळ गेली. डिक्शनरीत त्याला दोन-तीन शब्द होते. मी फिटरला फरक विचारला. त्यानं विचार केला, मग चाचांचा दंड धरला आणि त्यांना घेऊन मागांच्या मधल्या वाटेनं दहा पावलं चालून आला. "स्पोलु," तो म्हणाला. मग जमिनीवरचे सुताचे तुकडे दोन्ही हातांनी ओढून एकत्र केले. "दोहरोमदी."

चाचा म्हणाले, "समजलं. एक सोबत, अन् एक ढीग."

मी वहीत तसंच लिहिलं.

तिसऱ्या आठवड्यात आठवा माग उभा करताना त्याच्या कपलिंगला तडा गेलेला दिसला. प्रवासात कुठेतरी मार बसला असावा. नवं मागवायचं तर पंधरा दिवस लागणार होते. माझा विद्यार्थी डोक्याला हात लावून बसला. चाचा म्हणाले, "अकोल्याले माझा साडू हाय, लेथवाला. दाखवून तं पाहू."

आम्ही कारखान्याच्या जीपनं निघालो. चाचा, फिटर आणि मी. माझं माहेर अकोल्याचं, त्यामुळे मला कोणी ये म्हणायची गरज नव्हती. रस्त्यात दोन्ही बाजूंना हरभरा होता. मूर्तिजापूरच्या पुढे चाचांनी गाडी थांबवून ओल्या हरभऱ्याचे डहाळे घेतले आणि फिटरला सोलून खायला शिकवलं. त्याला ते फार आवडलं. तो म्हणाला की त्याच्या घरी ससे आहेत, चौदा, आणि त्यांना हे दिलं तर वेडे होतील. आता ससे कोणाकडे आहेत, मी विचारलं. मोठ्या भावाकडे. एकाच घरात राहतात, भाऊ खाली आणि हा वर.

चाचांच्या साडूंनी तो तुकडा हातात फिरवला, मापं घेतली आणि तीन तासांनी या म्हणाले. आम्ही समोरच्या चहाच्या दुकानात जाऊन बसलो. दुपारचे दोन वाजले असतील. फिटरचा फोन वाजला. त्यानं उचलला, दोन शब्द बोलला आणि नंतर नुसता ऐकत राहिला. मग फोन टेबलावर पालथा ठेवला.

"माझा भाऊ," तो इंग्रजीत म्हणाला. "सकाळी. हृदय." आणि मग थोड्या वेळानं, "सशांना खायला कोण घालणार?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. त्यांनी आपली खुर्ची उचलून फिटरच्या बाजूला लावली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. मी इंग्रजीत काहीतरी म्हणाले, आय अॅम सॉरी असंच, आणि ते बोलून झाल्यावर मला माझीच लाज वाटली. कपलिंग तयार होईपर्यंत आम्ही तिथंच होतो. आणखी काही हवं का, असं चहावाल्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

विमानाचं तिकीट पाचव्या दिवशीचं मिळालं. त्यांच्याकडे अंत्यविधी लगेच होत नाही, आठवडाभरानं होतो, त्यामुळे तो पोचणार होता. माझा विद्यार्थी म्हणाला, साहेबांना आराम करू द्या, गेस्ट हाऊसवर कोणी जाऊ नका.

चाचांना ते पटलं नाही. "आराम कायचा? मानूस मेला त्याच्या घरचा. त्याले एकटं काहून ठेवता?"

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटल्यावर ते सगळे गेले. अकरा जण होते. मला चाचांनी फोन करून बोलावून घेतलं होतं. मी पोचले तेव्हा गेस्ट हाऊसच्या त्या खोलीत काही जण खाली सतरंजीवर, दोघं खाटेच्या कडेला, आणि चाचा दाराजवळच्या खुर्चीवर, असे बसले होते. कोणी काही बोलत नव्हतं. फिटर गोंधळून मधोमध उभा होता. त्यानं चहासाठी पाण्याचं भांडं हातात घेतलं होतं. चांदूर रेल्वेच्या बाईनं उठून ते त्याच्या हातातून काढून घेतलं, खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुमी बसा, साहेब."

तो माझ्याजवळ आला. "कारखान्यात काही झालं का? यांना काय हवंय?"

"काही नाही. ते बसायला आलेत."

"बसायला?"

मी समजावायचा प्रयत्न केला. आमच्याकडे कोणी गेलं की लोक येऊन बसतात, बोलायलाच पाहिजे असं नाही. सांगताना मला अकोल्याचं आमचं घर आठवलं. वडील गेले तेव्हा समोरच्या घरातले एक गृहस्थ, ज्यांचं वडिलांशी नालीच्या पाण्यावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं, ते रोज सकाळी येऊन ओट्यावर बसायचे. पेपर वाचायचे, घडी घालून ठेवायचे आणि जायचे. तेरा दिवस. आई त्यांना कधी ये म्हणाली नाही आणि जा म्हणाली नाही. हे सगळं मी मोडक्या-तोडक्या सोप्या इंग्रजीत सांगितलं.

फिटर खाटेवर बसला. बऱ्याच वेळानं त्यानं माझ्याकडे वही मागितली. एक शब्द लिहिला आणि मला वाचून दाखवला, 'सोउसेद'. इंग्रजीत नेबर. मग त्या शब्दाच्या मधोमध उभी रेघ मारली. सोउ म्हणजे सोबत. सेद म्हणजे बसणं. आमच्याही भाषेत शेजारी म्हणजे सोबत बसणारा, तो म्हणाला, पण आता तसं कोणी बसत नाही, आता कार्ड पाठवतात.

मी ते मराठीत सांगितलं. चाचांनी मान हलवली. "बराबर हाय," ते म्हणाले. "मंग आमी आज याचे शेजारी."

नंतर तो भावाबद्दल बोलायला लागला. सुरुवात इंग्रजीत केली. भावानं त्याला सायकल शिकवली. दोघांनी मिळून घरामागची भिंत बांधली, ती वाकडी झाली आणि वडिलांनी ती पाडायला लावली. मी एकेक वाक्य सांगत होते. मग त्याला इंग्रजी शब्द सापडेना. तो थांबला आणि चेकमध्येच बोलू लागला. मला काही कळेना. मी चाचांकडे पाहिलं, त्यांनी हातानंच मला राहू द्या अशी खूण केली. तो बोलत राहिला, पंधरा-वीस मिनिटं असेल. मधे एकदा हसला, तेव्हा दोन-तीन जण त्याच्याबरोबर हसले. मग त्यानं डोळे पुसले. अकरापैकी एकही जण उठला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला तिथं काही काम नव्हतं, आणि मला रडू येत होतं ते कोणाच्या लक्षात आलं नाही हे बरं झालं.

जाताना त्या बाईनं डबा ठेवला. पिठलं आणि भाकरी. "दुखवट्याच्या घरी चूल पेटवत नाही म्हना त्याईले," ती मला म्हणाली. मी सांगितलं. त्यानं डबा दोन्ही हातांनी घेतला.

उरलेले दिवस तो कामावर आला. कोणी नको म्हटलं नाही. अकोल्याचं कपलिंग बसलं, माग चालला. बडनेऱ्याला गाडीत बसवून द्यायला चाचा आणि मी गेलो. चाचांनी त्याला मिठी मारली. मला त्यानं हात जोडून नमस्कार केला, थोडा वाकडा.

दिवाळीनंतर पुढचे माग आले आणि तो पुन्हा आला. मला हे पंधरा दिवसांनी कळलं, तेही माझ्या विद्यार्थ्याच्या बायकोकडून, भाजी घेताना. मी वाट पाहिली, फोन आला नाही. शेवटी मीच एक दिवस बस पकडून गेले.

शेडमध्ये फिटर आणि चाचा एका मागाखाली वाकलेले होते. चाचा पाना मागत होते, ते कोणत्या भाषेत हे मला नीट ऐकू आलं नाही. फिटर म्हणाला, "थांब ना बे." आजूबाजूच्या पोरी खुदखुदल्या, म्हणजे हे रोजचंच असावं. मी जरा वेळ तशीच उभी राहिले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. चाचांनी मला पाहिलं तेव्हा ते लगबगीनं उठले, हात पुसले, खुर्ची मागवली. फिटरनं भावजयीचा फोटो दाखवला, ती आता त्याच्याबरोबर वर जेवायला येते म्हणाला. मग दोघं पुन्हा मागाखाली गेले. मी चहा प्यायले, अर्धा तास त्यांचं काम बघत बसले आणि तीनच्या बसनं घरी आले.