डबे मी हलवले नव्हते

त्या दिवशी बेसमेंटमध्ये आम्ही होतो ते असे: मी, माझा मुलगा, शेजारचे म्हातारे, आणि त्यांचा कुत्रा, तो जिन्यापाशी पडून होता. सून वर किचनमध्ये होती, पण जिन्याचं दार उघडं होतं, म्हणून तिलाही सगळं ऐकू गेलं. नात शाळेत होती. आणखी कोणी नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर ही गोष्ट दहा जणांनी दहा ठिकाणी सांगितली, आणि त्यातलं कोणी तिथे नव्हतं.

म्हाताऱ्यांच्या डाव्या हाताला पट्टी होती. दोन बोटं एकत्र बांधलेली. गालावर बारीक बारीक काळे ठिपके. ते खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत. टेबलाला हात टेकून उभे राहिले आणि त्यांनी मुलाला विचारलं, की मला भरून दिलेल्या काडतुसांत तू कुठली पावडर घातली होतीस.

आता मागचं सांगते.

मी चौथीपर्यंत शिकले. आमच्याकडे वेंगुर्ल्याच्या बाजूला काजूच्या फॅक्टऱ्या. लग्नाआधीपासून मी तिथे कामाला. आधी काजू फोडायला बसवलं. त्या सालीचं तेल हाताला लागलं की कातडी जळते, राख लावून काम करायचं. पुढे हात चांगला म्हणून मला निवडायला बसवलं. काजूगराला नंबर असतात, दोनशे दहा, दोनशे चाळीस, तीनशे वीस. जितका नंबर मोठा तितका गर बारीक. मोजपट्टी कोणी देत नाही, बोटांनी कळतं. मुलगा सहावीत असताना त्याचे वडील गेले, आणि त्या निवडण्यावरच तो पुण्याला जाऊन इंजिनियर झाला. ते मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही.

सहा वर्षांमागे त्याने मला इकडे कॅनडात, ग्वेल्फला आणलं. व्हिसाच्या वेळी बोटांचे ठसे घेतात, माझे उमटेनात. तीनदा घेतले. बाई म्हणाली, आजी, तुमच्या बोटांवर रेघाच नाहीत. काजूने खाल्ल्या, मी म्हटलं.

इकडे आल्यावर मला काम नाही. सकाळी दोघं जातात, नात जाते. खिडकीतून बर्फ बघायचा. मुलाला त्या सुमाराला नेमबाजीचा नाद लागला. लायसन काढलं, रायफल घेतली, एक पिस्तुलही घेतलं, तेव्हा विकत मिळत होतं, पुढे सरकारने बंद केलं. शेजारचे म्हातारे जुने शिकारी, त्यांनी त्याला आपल्या क्लबात नेलं आणि काडतुसं घरी भरायला शिकवलं. गोळी उडून जाते, पितळेची पुंगळी मागे राहते. ती फेकायची नाही. धुऊन, आकारात आणून, नवी टिकली, नवी पावडर, नवी गोळी घालून परत वापरायची. बेसमेंटच्या टेबलाला एक लोखंडी हँडलचं मशीन ठोकलं होतं, त्यावर दोघं शनिवारी बसायचे.

क्लबातून ते पुंगळ्यांच्या बादल्या आणायचे, सगळ्या एकत्र. मुलगा एकेक उचलून बुडावरचे आकडे चष्म्यातून वाचत बसायचा. मला ते बघवेना. मी एक स्टीलचं ताट घेतलं आणि बसले निवडायला. बारकी ती २२३. ती सगळ्यात जास्त यायची, कारण कागदाच्या निशाणावर मारायला लोक तीच उडवतात आणि शंभर-शंभर उडवतात. मधली जाडसर ती ३०८. तिच्याच अंगाची पण अंगठाभर नाही, अर्ध्या अंगठ्याने लांब, ती थर्टी-ऑट-सिक्स, हरणाच्या शिकारीवाल्यांची. ३०८ सारखीच पण तोंड निमुळतं, ती नव्या पोरांची साडेसहाची. पिस्तुलाची नऊ एमएम बुटकी, ती आंधळ्यालाही कळेल. आणि बुडाला कड असलेली ती ३०३. ही थोडी यायची. म्हातारे म्हणायचे, दुकानात हिची काडतुसं कधी असतात कधी नसतात, म्हणून ज्याच्याकडे जुनी रायफल आहे तो घरीच भरतो. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांची होती. वडील लढाईवर गेले होते तेव्हाची बनावट.

मला इंग्रजी बोलता येत नाही, कळतं बरंच. म्हातारे मुद्दाम सावकाश बोलायचे. मला त्यांनी हातमोजे आणून दिले, काम झालं की साबणाने हात धू असं खुणेने दाखवलं. पहिल्या दिवशी त्यांनी माझी ताटं तपासली. दुसऱ्या शनिवारी अर्धीच तपासली. तिसऱ्या शनिवारी तपासलीच नाहीत. मला इन्स्पेक्टर म्हणायला लागले. मुलाला म्हणाले, पुढच्या वेळी तुझ्या आईला क्लबात आण आणि तू घरी पोळ्या कर. मुलगाही हसला. मी त्यांना आल्याचा चहा द्यायची. माणूस म्हणून माझी इकडे ओळख होती ती तेवढ्या एकाच माणसाशी.

त्यांचा एकच नियम होता. पावडर ज्या डब्यात आली त्याच डब्यात राहिली पाहिजे, आणि टेबलावर एका वेळी एकच डबा. पिस्तुलाची पावडर वेगळी, रायफलीची वेगळी, चुकून इकडची तिकडे गेली तर रायफल फुटते. मुलाने त्यांना हातात हात देऊन शब्द दिला होता.

आणि आपल्या घरात काय असतं? श्रीखंडाच्या डब्यात मोहरी, बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा. बरणी रिकामी झाली की धुऊन दुसरं भरायचं. कशात काय आहे ते घरच्याला पाठ असतं. ही सवय माझीच, त्याने माझ्याकडूनच उचलली. पिस्तुलाच्या पावडरचा डबा त्याच्या हातून पडला, झाकण तडकलं. त्याने रायफलीच्या पावडरचा जुना रिकामा डबा काढला आणि त्यात ती ओतली. मी समोर बसले होते. मी म्हटलं, अरे, वर चिठ्ठी तरी लाव. तो म्हणाला, "लक्षात आहे गं माझ्या." मी परत पुंगळ्या निवडायला लागले. तिथे मी जोर करायला हवा होता, तेवढी चूक माझी आहे. तेवढीच.

शिकारीचा सीझन जवळ आला. म्हाताऱ्यांचे हात थरथरायला लागले होते, म्हणून त्यांनी मुलाला सांगितलं, ३०३ ची वीस भरून दे. पुंगळ्या मी निवडल्या, तोंडाशी चिरलेल्या बाजूला काढल्या. आतलं मी कधीच भरत नसे, पावडरच्या डब्यांच्या फळीला माझा हात लागत नसे. मुलगा कानात फोनचं ते घालून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलत बोलत भरत होता. डबा त्याने खालच्या फळीवरून उचलला. माझी नजर पुंगळ्यांवर होती, कुठला उचलला ते मी पाहिलं नाही.

क्लबाच्या रेंजवर पहिल्याच काडतुसाला रायफल फुटली. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून डोळे वाचले. वडिलांच्या रायफलीची लाकडी दांडी त्यांच्या हातातच चिरफाळली.

तर चार दिवसांनी ते बेसमेंटमध्ये उभे होते आणि विचारत होते.

मुलाने फळीकडे पाहिलं. दोन सारखे डबे शेजारी शेजारी. त्याला तिथेच कळलं, मला त्याच्या मानेवरून कळलं. लहानपणी पाटी फुटली की मान अशीच खाली जायची. मला वाटलं आता तो सांगेल. मीसुद्धा पदर सावरून उभी राहिले, की त्याच्याबरोबर मीही माफी मागावी.

तो इंग्रजीत म्हणाला, माझी आई खाली साफसफाई करते. तिने डबे बदलले असतील. तिला वाचता येत नाही.

मला वाचता येतं. आकडे तर येतातच, आणि इंग्रजी अक्षरं नातीने शिकवली होती. पण ते सोडा.

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी रागावून पाहिलं असतं तर मी काहीतरी बोलले असते, मराठीत का होईना. ते चांगल्या हाताने माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "इट्स ओके, मॅम." केलेलं नसताना मला माफ करून ते जिना चढून गेले. कुत्रा मागोमाग गेला.

मी मुलाला विचारलं, असं का सांगितलंस. तो मशीनवरची धूळ पुसत राहिला. मग म्हणाला, "आई, तुला काय फरक पडतो? तू थोडीच क्लबात जाणार आहेस. माझी मेंबरशिप जाईल, लायसनपर्यंत जाईल. तुला कोण काय करणार?"

मी म्हटलं, "ते मला इन्स्पेक्टर म्हणत होते."

त्याला ते कळलंच नाही.

मला वाटलं होतं एवढ्यावर भागेल. पण सुनेने जिन्यातून ऐकलं होतं आणि तिला ते खरंच वाटलं. ती वाईट नाही. आईला कळेनासं झालंय म्हणून ती घाबरली. मला डॉक्टरकडे नेलं, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. पाचही सांगितले. तरी घरी आल्यावर तिने शेगडीची बटणं काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. नातीला माझ्याजवळ एकटं सोडेना. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला दोन बायका मला हळू आवाजात विचारून गेल्या, काकू, आता बरं वाटतं ना. मुलगा तिळगूळ वाटत होता, त्याने ऐकलं. तो पुढच्या ओळीकडे गेला.

हा मुलगा माझ्या कष्टावर शिकला म्हणून मला लागलं असं नाही. मुलांना आपण करतोच. लागलं ते वेगळं. उभ्या जन्मात माझ्या हातून दोनशे चाळीसमध्ये तीनशे वीस गेला नाही. मुकादम माझी निवडलेल्या गराची पाटी न बघता पुढे पाठवायचा. माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढं एकच होतं, आणि ते त्याला माहीत होतं. त्याने बरोबर तेच देऊन टाकलं.

अख्खा विंटर मी थांबले, की तो आपणहून जाऊन सांगेल. तो रोज त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून द्यायचा. म्हाताऱ्यांना वाटायचं, काय गुणाचा मुलगा. मी खिडकीतून बघायची. एकदा वाटलं, नातीला सांगावं, ती धाडधाड इंग्रजी बोलते. पण तिच्या तोंडून तिच्या बापाला खोटं पाडायचं मला जमलं नाही. ते सात वर्षांचं पोर आहे.

आता त्यांच्या घरापुढे विकायची पाटी लागली आहे. लेक तिकडे लांब सरे गावात असते, ती घेऊन जाणार म्हणून कळलं. महिनाअखेर जातील. परवा ट्रकमध्ये खोकी चढवत होते. मला बघून हात केला. दोन बोटं अजून सरळ होत नाहीत.

मुलावर मला सूड उगवायचा नाही. त्याचं नाव घालू नका. मंडळाच्या लायब्ररीत ही वही मी ठेवते आहे, तिथे कॉलेजची आपली पोरं-पोरी येतात. तुमच्यापैकी ज्याला इंग्रजी नीट लिहिता येतं त्याने एका कागदावर माझ्यासाठी एवढंच लिहून द्या: पुंगळ्या मी नीट निवडल्या होत्या. पावडरच्या डब्यांना मी हात लावला नव्हता. चहाची आठवण येते.

कागद याच वहीत घालून ठेवा. त्यांच्या दारापर्यंत मी स्वतः नेईन.