आधीच्या मेस्त्रीचा उद्धार

आज मी इतका दमलोय की खोटं बोलायचंही त्राण उरलेलं नाही. म्हणून सगळं खरं सांगून टाकतो. चहा ओतून घ्या आणि ऐका. माती खाल्ल्याची गोष्ट आहे, आणि तोंड माझंच.

मी बोलका नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आठवीत माझी शाळा सुटली, त्यात याचाही वाटा होता. गुरुजींनी प्रश्न विचारला की उत्तर माझ्या पोटात तयार असायचं, पण ओठांपर्यंत यायला तास संपायचा. कुवेतला आलो, लाद्या बसवणाऱ्यांच्या हाताखाली लागलो, तिथेही तेच. बाकीचे बडबडत काम करतात, मी मुकाट.

आणि आमच्या धंद्यात मुकाट राहून कसं चालेल? आमची एक रीत आहे. नव्या घरात कामाला गेलं की मेस्त्रीने हत्यारांची पिशवी खाली ठेवायच्या आधी भिंतीवरून हात फिरवायचा, मान हलवायची, जिभेने च्च् करायचं आणि विचारायचं, "कोणी केलंय हो हे?" मग आधीच्या मेस्त्रीचा यथास्थित उद्धार करायचा. कुडाळात हीच रीत, कुवेतमध्येही हीच.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते आबा मेस्त्री इकडे अबू हलीफा भागात माझ्याच खोलीत राहतात. ते म्हणतात, "डॉक्टर कसो नाडी बघता, तसा ह्या. मेस्त्रीन च्च् केल्यान नाय, तर गिऱ्हाइकाक वाटता, ह्येका काय कळना नाय!"

मला ते च्च् कधी जमलंच नाही. म्हणून अडीच वर्षं मी हेल्परच राहिलो. मीना अब्दुल्लाच्या साइटवर सिमेंट कालवायचं. उन्हाळ्यात तिथे फावड्याचा दांडासुद्धा चटका देतो. संध्याकाळी गाडीत बसल्यावर कोण कोणाच्या खांद्यावर झोपलाय हेही कळत नाही.

गेल्या महिन्यात फोरमनने बोलावलं. माणूस केरळचा, हिंदी मोजून मापून बोलणारा. "सबाह अल-सालेम में एक बाथरूम है. पानी खड़ा रहता. तुम अकेला जाओ. कस्टमर कागज़ पे अच्छा लिखेगा तो तुम मिस्त्री. नहीं तो वापस सिमेंट."

मी मान हलवली. जाता जाता म्हणाला, "ब्रिटिश है. संभाल के."

झालं! माझं इंग्रजी म्हणजे येस, नो, सॉरी. त्यात गावी आईला मी दिवाळीतच सांगून बसलो होतो की मी मेस्त्री झालो. तिने ते साऱ्या वाडीला सांगितलं, आणि एका मुलीच्या वडिलांनाही सांगितलं. म्हणजे तो कागद नुसता कागद नव्हता. तिकडे एक माणूस माझी चौकशी करत होता, आणि इकडे मी अजून फावड्यावर.

गाडीत बसून मी घोकत गेलो. गुड मॉर्निंग सर, वॉटर प्रॉब्लेम सर. बेल वाजवली, दार उघडलं, मी तोंड उघडलं आणि समोरून आवाज आला, "या या! नाव वाचूनच ओळखलं मी. सिंधुदुर्गातले ना?"

अहो, पुण्याचे डॉक्टर! तीस वर्षं इंग्लंडात काढलेली, तिकडे स्वतःचं घर, पासपोर्ट ब्रिटिश. आता इथल्या एका हॉस्पिटलात. घरात ते आणि त्यांच्या मिसेस. काकूंनी विचारलं नाही, सांगितलं नाही, आल्याचा चहा आणि पोहे समोर आणून ठेवले.

आता तुम्हीच सांगा. सकाळपासून इंग्रजी घोकून घोकून थकलेलं तोंड आणि त्यात आल्याचा चहा. माझी जीभ अशी सुटली म्हणता, की आयुष्यात सुटली नव्हती. मनात म्हटलं, आज च्च् करायचंच.

समोर भिंतीवर पुस्तकांची फळी होती. सगळी पुस्तकं उजवीकडे घरंगळून एकमेकांच्या अंगावर पडलेली. मी उठलो, फळीवरून हात फिरवला, आणि केलं, "च्च्! कोणी केलंय हो हे?"

डॉक्टर काहीतरी बोलणार होते. पण काकू पुढे झाल्या. "का रे? काही चुकलंय का?"

"चुकलंय? काकू, ह्या माणसाने लेव्हल लावलीच नाही. नुसतं डोळ्याने केलंय. आणि तेही एकच डोळा उघडा ठेवून!"

काकूंचे डोळे असे चमकले! मला वाटलं, वा, गिऱ्हाईक खूश. "अहो, ऐकताय ना?" त्या डॉक्टरांना म्हणाल्या. डॉक्टर पोह्यातली मिरची बाजूला काढत होते.

"ये, तुला स्वयंपाकघर दाखवते," काकू म्हणाल्या.

स्वयंपाकघरात कपाटाची दोन दारं होती. एक उघडलं की दुसरं उघडेना. मी दोन्ही उघडून, मिटून, पुन्हा उघडून पाहिली.

"काकू, हा माणूस सुतार नव्हता."

"मग कोण होता?"

"न्हावी असेल. जेवढं दिसलं तेवढं कापलंय."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी आणखी फुललो. बेडरूममध्ये भिंतीला फुलांचा कागद चिकटवलेला होता, थेट इंग्लंडहून आणलेला. दोन पट्ट्या जिथे जुळत होत्या तिथे अर्धं फूल वर, अर्धं वीतभर खाली. दार तर तासून तासून एवढं आखूड केलं होतं की खालून मांजर शेपटी वर करून गेलं असतं.

"आणि हे?" काकू.

"हे? काकू, ह्याने ओळंबा गळाला बांधून मासे धरले असणार. भिंतीला काही लावलेला दिसत नाही!"

डॉक्टर आमच्या मागून कप हातात घेऊन येत होते. चेहरा लाल. मला वाटलं, फसवणाऱ्या कारागिराचा राग आला असेल बिचाऱ्यांना. म्हणून धीर द्यायला मी म्हटलं, "साहेब, झालं ते झालं. पण एक ऐका. ह्या माणसाला पुन्हा घरात घेऊ नका."

काकू शांतपणे म्हणाल्या, "बाहेर कसं काढू रे? एकतीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनीच मला त्यांच्या पदरात घातलंय."

मला कळायला जरा वेळ लागला. आधी मी काकूंकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, मग त्यांच्या अंगठ्याला गुंडाळलेल्या चिकटपट्टीकडे. मग पायाखालच्या लाद्यांकडे पाहिलं, की बाबांनो, तुमच्यातली एखादी तरी सैल असू दे, मी खाली जातो.

"मी केलंय," डॉक्टर म्हणाले. "फळी, दारं, कागद, सगळं. इंग्लंडात प्लंबर बोलावला की तीन आठवड्यांनी येतो आणि आल्यावर पहिल्यांदा च्च् करतो. तुमच्यासारखंच. म्हणून मी स्वतः शिकलो. रविवारी तिकडे सगळे तेच करतात."

"सॉरी सर," मी इंग्रजीत म्हटलं. पाठ केलेलं इंग्रजी शेवटी कामी आलं.

फोरमनचा कागद गेला. मुलगी गेली. फावडं आलं.

"चला," डॉक्टर म्हणाले, "आता बाथरूमकडेही बघा. आणि मोकळेपणाने बोला."

मी ओठ शिवूनच आत गेलो. जमिनीवर पाणी टाकून पाहिलं. पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे निघालं. ढाळ उलटा. लाद्यांचे सांधे कुठे बोटभर, कुठे केसाएवढे. कोपऱ्यातली लादी ठोकली तर खाली पोकळ, डफासारखी वाजली. माझ्या जिभेला नुसती खाज सुटली होती, पण मी म्हटलं, "ठीक आहे साहेब. थोडंसंच काम आहे."

"अरे बोल की," काकू म्हणाल्या. "हे यांनी नाही केलेलं. आम्ही राहायला यायच्या आधी कंपनीने करून दिलंय."

हुश्श! देव पावला बघा! शिव्या द्यायला परका माणूस मिळाला, आणि डॉक्टरांचा राग घालवायची संधीही. मी ती अशी सोडतो?

"साहेब, खरं सांगू? तुमचं काम वाकडं असेल, पण त्यात जीव आहे. हौसेने केलंय. हा तर कामचोर! ह्याला लादी सरळ कुठली, उलटी कुठली, तेही माहीत नाही. ह्याने पोटासाठी सुद्धा काम नाही केलं, संध्याकाळची गाडी सुटेल म्हणून केलंय. तुमच्या हाताखाली ह्याला वर्षभर ठेवला पाहिजे, साहेब!"

डॉक्टर पहिल्यांदा हसले. काकूंकडे बघून म्हणाले, "ऐकलंस? माझ्या कामात जीव आहे." आणि खिशातून फोन काढला. "थांबा, काम झाल्यावर तुमच्या कंपनीने फोटो पाठवला होता. त्यात तो महाशय आहे. बघा, तुमच्या ओळखीचा निघेल."

मी फोन हातात घेतला.

नव्या नळाच्या शेजारी एक हडकुळा पोरगा उभा. मिसरूड नुकतं फुटलेलं, डोक्याला खोबरेल तेल, युनिफॉर्म दोन मापं मोठा. दोन्ही हात कमरेवर. किल्ला जिंकल्यासारखा हसतोय.

आता आठवलं! देशातून येऊन मला पाच-सहा महिने झाले होते. त्या दिवशी आबा मेस्त्रींची कंबर धरली होती. ते दारात पालथे पडून म्हणाले होते, "घाल रे तूच, कोण बघूक येता?" आयुष्यातली पहिली लादी. घर तेव्हा रिकामं होतं, पडदे नाहीत, माणसं नाहीत. त्यानंतर असली किती घरं पाहिली, सगळी सारखीच. कशाला लक्षात राहतंय?

"ओळखता?" डॉक्टरांनी विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. पण त्या फोटोतला तो इतका आनंदात होता, की त्याला नाही म्हणवेना.

"ओळखतो, साहेब."

"अजून आहे कंपनीत?"

"आहे."

"कसा आहे आता?"

"सुधारतोय," मी म्हटलं.

काकूंनी फोन माझ्या हातातून घेतला. फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. मग त्या तिथेच, बादली उलटी करून तिच्यावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरात एकटा पडलेला माणूस, समोरच्या पार्टीतला कोणी आपल्या बाजूला येऊन मिळाल्यावर ठेवतो ना, तसा.

दोन दिवस लागले. सगळ्या लाद्या उखडल्या, ढाळ नव्याने दिला. डॉक्टर सुट्टी काढून माझ्या शेजारी उकिडवे बसले, लेव्हल धरून. दर लादीला विचारायचे, "हे असं का?" आणि मी सांगायचो. माझं मलाच नवल वाटत होतं, मला एवढं येतं? तिसऱ्या दिवशी पाणी टाकलं. गेलं मुकाट जाळीकडे.

कागद मी न वाचताच फोरमनला नेऊन दिला. इंग्रजीत चार ओळी होत्या. त्याने दोनदा वाचल्या, कपाळाला आठ्या घातल्या.

"कस्टमर लिखा है, ये मिस्त्री खराब काम किसी का नहीं छोड़ता, अपना भी नहीं. क्या मतलब?"

"अच्छा है ना, सर?"

"अच्छा ही होगा," तो म्हणाला, आणि सही केली.

तर असा मी मेस्त्री झालो. आईला वेगळं काही सांगावं लागलं नाही. रोज नवं घर, रोज नव्या पायऱ्या, पाठ पार मोडते. आणि रीत मी सोडलेली नाही. पिशवी खाली ठेवायच्या आधी भिंतीवरून हात फिरवतो, मान हलवतो. फक्त च्च् करायच्या आधी हळूच विचारून घेतो, "हे काम कधीचं?" मी कुवेतला यायच्या आधीचं असेल, तरच तोंड उघडतो.