मोडलेला पांजरपोळ

आमचा बैल औताला निकामी झाला तेव्हा आबांनी त्याला जुन्नरच्या पांजरपोळात सोडलं. व्यापारी मंडळींनी चालवलेली ती धर्माची संस्था. म्हातारी, लंगडी गुरं तिथे मरेपर्यंत सांभाळत. आबा निर्धास्त होते. मी डिंगोऱ्याहून बाजाराला गेलो की आत डोकावायचो, तर कडब्याची गंज दर फेरीला बुटकी झालेली. कोणी आत शिरलं की सगळी गुरं एकदम माना वळवून बघायची. ते बघणं मला सहन व्हायचं नाही.

संस्थेच्या पंचांचं आपसात फाटलं होतं. कसायाकडून सोडवून आणलेली बोकडं आत घ्यायची की नाहीत, एवढ्यावरून. सगळ्यांचा होकार आल्याशिवाय तिथे काही करायचं नाही अशी रीत. वैरण आणायलाही होकार लागायचा. आणि दोन्ही तट एकमेकांसमोर बसेनात. मुंग्यांना साखर घालणारी ही माणसं, आणि यांच्या हट्टापायी गुरांच्या बरगड्या वर आल्या. माझं डोकं फिरायचं.

शेवटी दोन्ही तटांनी पुण्याच्या कोर्टात अर्ज केले. दोघांनीही एकच लिहिलं, संस्था चालेनाशी झाली आहे. प्रत्येकाला वाटलं, साहेब समोरच्यांना हाकलतील आणि किल्ल्या आपल्या हाती देतील. साहेबांनी विचारलं, एकत्र बसाल का? दोघेही नाही म्हणाले. मग संस्था मोडू का? आता माघार कोण घेणार! दोघेही हो म्हणाले. संस्था बरखास्त झाली. जागा दुसऱ्या एका धर्मादाय संस्थेकडे गेली, पण तिला गुरं नको होती. त्यांचा लिलाव ठरला.

ज्यांनी गुरं सोडली त्यांनी हवी तर आधी घेऊन जावीत, असा निरोप कोर्टाच्या नाझराने गावोगाव धाडला. मी लगेच निघालो. आबा दारात आडवे उभे राहिले.

"पानी सोडलंय मी त्याच्यावर. धर्माला दिलेलं घरात आनायचं न्हाई."

"आबा, खाटीक आलेत तिथं."

"ठावं हाय मला."

पण ते दारातून हलले नाहीत.

लिलावाला मात्र ते माझ्यासोबत आले. आमचा बैल एका खाटकाने घेतला. परक्या हाताला तो जागचा हलेना. ओढलं, मारलं, तरी नाही. तेव्हा आबा पुढे झाले, कासरा हातात घेतला आणि त्याला चुचकारत वेशीबाहेर पोचवून आले.