मोरीच्या खिडकीतला कप

मेडशीच्या मालकाच्या घरून साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, आमंत्रण आलं तेव्हा मी ती पत्रिका टीव्हीपुढे उभी करून ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. आज ते सांगतानाही लाज वाटते. ज्या घरी माझे वडील सालदार होते, म्हणजे सालभराच्या बोलीवर राबत होते, त्या घरचा मुलगा, माझा शाळासोबती, स्वतः गाडी घेऊन कारंजाला आला होता. "आमच्या पोरीचं साक्षगंध हाय, वहिनीले अन् लेकीले घेऊनच ये," असं बजावून गेला होता. मी इथल्या कॉलेजात शिकवतो. जयंतीला भाषणं करतो. समतेवर बोलायला उभा राहिलो की मला खाली बसवावं लागतं.

अकरावीतल्या लेकीला यायचं नव्हतं. "आजोबांना त्या घरात घेत नव्हते, असं तुम्हीच सांगता ना?" ती म्हणाली. "ते दिवस गेले," मी म्हणालो. "आता आपल्याला सोफ्यावर बसवतात. चल, बघ." तिला तेवढंच दाखवायचं होतं मला.

लहानपणी मी वडिलांबरोबर त्या घरामागच्या अंगणात उकिडवा बसून चहा प्यायचो. वाड्याला लागून एक बोळ होता, त्यातून मागे जायचं. आमचे कप वेगळे. चहा झाला की आपला कप आपण धुवायचा आणि न्हाणीच्या भिंतीवर पालथा घालायचा. एका पाडव्याला वडील गेले तर भिंतीवर त्यांचा कप नव्हता. मालकानं दुसरा सालदार ठरवला होता. तोंडानं कोणी काही सांगितलं नाही, आणि वडीलही काही न विचारता घरी आले.

आता मात्र खरंच सोफ्यावर बसवलं. फुलाफुलांच्या कपबशा, सगळ्यांना सारख्या. तुरीवरच्या अळीच्या गप्पा रंगल्या होत्या, मीही रंगलो होतो. चहा संपला, इतरांनी कप टीपॉयवर ठेवले. मी माझा उचलला. बाहेर आलो, बोळातून मागे गेलो, नळाखाली कप धुतला. घरातून मागे जाणारा रस्ता जवळचा होता, हे मला फार नंतर सुचलं.

मागे म्हातारी मालकीण बाजेवर बसली होती. तिनं मान वर केली नाही. "ठेव तथी भितीवर," म्हणाली. आणि मी ठेवला, पालथा.

मग तिनं पाहिलं. "अवं माय, सर तुमी? तुमी काहून धुतला?" बिचारी ओशाळली. मी काहीतरी हसलो. वळून बघतो तर बोळाच्या तोंडाशी लेक उभी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना गाडीनं मालेगाव मागे टाकलं. मग मीच तोंड उघडलं. लाज निस्तरता येत नाही तेव्हा मी दुसऱ्यावर घसरतो, हा माझा जुना स्वभाव. "पाहिलंस? 'ठेव' म्हणे! कोण आलंय ते बघायचीसुद्धा गरज नाही. हाडात मुरलंय त्यांच्या."

लेक म्हणाली, "पप्पा, आपल्या मावशीचा कप कुठं असतो?"

मावशी आमच्याकडे भांडी घासायला येते. "असेल मांडणीत," मी म्हणालो.

"मांडणीत नाही. मोरीच्या खिडकीत असतो. पालथा."

बायको काचेबाहेर बघू लागली. मला तो कप आठवला. निळ्या पट्ट्याचा, कान तुटलेला. कान तुटला तेव्हा बायको तो फेकायला निघाली होती. "राहू दे, मावशीला होईल," असं मीच म्हणालो होतो. मनात काही वाईट नव्हतं. मालकिणीच्या मनात तरी आज काय होतं? मावशी कोणत्या समाजाची हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि त्याबद्दल स्वतःची पाठही थोपटत आलो होतो.

सकाळी उठल्याबरोबर तो कप कचऱ्याच्या डब्यात टाकला. मावशी यायच्या वेळेला स्वतः चहा केला आणि सेटमधल्या कपात ओतला. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं बघावं असं मला वाटत होतं, हेही कबूल करतो.

मावशी आली ती सरळ खिडकीशी गेली. हातानं चाचपलं. वाकून मोरीत पाहिलं.

"साहेब, माहा कप?"

"फेकला मावशी. आजपासून या कपात घ्यायचा."

तिनं कप हातात घेतला नाही. पदराला हात पुसत उभी राहिली. आधी माझ्याकडे, मग बायकोकडे पाहिलं.

"दुसरी बाई पाह्यली का तुमी?"

"नाही हो, तसं नाही—"

"काही चुकलं असंल तं सांगा ना मले. कप कायले फेकता?"

मी नाही, नाही म्हणत राहिलो. लेक दारातून आत निघून गेली. चहा ओट्यावर तसाच निवला. मावशीनं त्या दिवशी आमची सगळी भांडी दोनदा घासली.